शिडाच्या नौकेवरील पाहुणा

'पाहुणा' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर पाण्याचा तांब्या, अंथरलेली सतरंजी आणि 'जेवल्याशिवाय जायचे नाही' हा आग्रह उभा राहतो. पाहुण्याने काम करायचे नसते, यजमानाने ते करू द्यायचे नसते. आता हाच पाहुणा घराऐवजी शिडाच्या नौकेवर आला तर काय होईल? एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणाऱ्या नौकेवर यजमान आणि पाहुणा यांचे नाते कसे बदलते, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

आपण पुणेकर समुद्रापासून दूर, घाटावर राहणारे. तरी शिडाचा प्रवास मराठी माणसाला परका नाही. आगबोटी येण्यापूर्वी मुंबईहून हर्णे, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांना जाणारा उतारू मचव्यातून किंवा फत्तेमारीतूनच जात असे. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे परीक्षेपुरते पाठ करतो. तांडेलाचे वेळापत्रक मात्र याच वाऱ्यांनी ठरे. रात्री व पहाटे जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याचा फायदा घेत पुढचे बंदर गाठायचे. वारा पडला की उतारूनेही वाट पाहायची. पावसाळ्यात तर हा मार्ग बंदच असे.

अलीकडच्या काळात ही परंपरा वेगळ्या रूपाने पुढे आली. भारतीय सेनेच्या अभियंता दलाच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात 'तृष्णा' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. याच दलाचे मोठे शिक्षणकेंद्र आपल्या दापोडीला आहे. पुढे व्हाईस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून नौदलाची 'सागर परिक्रमा' साकार झाली. आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. गोव्यात बांधलेल्या ५६ फुटी 'म्हादेई'वरून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनले व केपटाऊन ही चार बंदरे घेऊन १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी 'तारिणी'वरून गोव्याहून निघाल्या. २१ मे २०१८ रोजी त्या सुखरूप परत आल्या.

अशा नौकेवरचा संसार कसा असतो? वारा शिडात भरला की नौका एका अंगावर कलते आणि तासन् तास तशीच कललेली राहते. चालणे, जेवणे, झोपणे सारे त्या उतारावर करायचे. म्हणून चूल दोन खुंट्यांवर झुलती बसविलेली असते. नौका कलली तरी चूल सरळ राहते व भांडे सांडत नाही. झोपणारा खाली पडू नये म्हणून बिछान्याच्या कडेला कापडाचा आडोसा बांधतात. गोडे पाणी टाकीत असेल तेवढेच, म्हणून ते मोजून वापरायचे. भांडी बहुधा समुद्राच्या पाण्यानेच घासतात. कोणतीही वस्तू वापरून झाली की जागच्या जागी ठेवायची, कारण रात्री अंधारात ती हातानेच शोधावी लागते. हालचाल करताना एक हात कामाला आणि एक हात आधाराला, हा पहिला धडा.

झोपही वाटून घ्यावी लागते. दिवसाच्या चोवीस तासांच्या चार-चार तासांच्या सहा पाळ्या केल्या, तर दोन तुकड्यांपैकी एकाच तुकडीला रोज मध्यरात्री उठावे लागेल. म्हणून जहाजांवर दुपारी ४ ते रात्री ८ या पाळीचे दोन भाग करण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे पाळ्या सात होतात आणि मध्यरात्र आलटूनपालटून सर्वांच्या वाट्याला येते. न्याय कसा करावा, याचे इतके सोपे गणित मला दुसरीकडे आढळले नाही.

पाहुण्याला या गणितातून सुटका नाही. किनारा दूर गेला की पुष्कळांना बोट लागते. अशा वेळी त्याला आत निजवून ठेवण्यापेक्षा बाहेर आणून क्षितिजाकडे पाहत सुकाणू धरायला लावणे हा चांगला उपाय समजतात. म्हणजे काम हेच औषध! पहिल्या दिवशी तो दोरी ओढतो, दुसऱ्या दिवशी चहा करतो, तिसऱ्या दिवशी पहाऱ्याला बसून लांबचे दिवे मोजतो. पुढचे बंदर येईपर्यंत तो पाहुणा राहिलेला नसतो.

येथे जमिनीवरच्या पाहुणचाराकडे वळून पाहावेसे वाटते. आपला पाहुणचार प्रेमळ खरा, पण पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचे आणि पंगत कोठे मांडायची, हे कित्येक शतके जात विचारून ठरत आले. पुण्यातच १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहावरून केवढे वादळ उठले! टिळक-रानड्यांसारख्यांनाही त्या ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. समुद्रप्रवास निषिद्ध मानण्यामागेही जहाजावर सोवळे पाळता येत नाही, ही भीती होतीच. दुसरे असे, की घरी पाहुण्याला मिळणारा आराम बहुधा घरातल्या बाईच्या कष्टातून येतो. आग्रह पुरुषाने करायचा आणि भाकऱ्या तिने थापायच्या. एका चुलीच्या, एका टाकीच्या नौकेवर या दोन्ही रीती टिकणे कठीण. 'म्हादेई'वर दोंदे यांना स्वतःच रांधावे लागले. 'तारिणी'वर सुकाणूपासून स्वयंपाकापर्यंत सारे सहा स्त्रियांनीच केले.

अर्थात नौका म्हणजे रामराज्य नव्हे. तेथे कप्तानाचा शब्द अखेरचा असतो, वादळात चर्चेला वेळ नसतो. शिवाय हौसेची नौका बाळगणे सामान्यांच्या आवाक्यातले नाही. आणि बंदरात उतरल्यावर माणसे पुन्हा आपापल्या जुन्या सवयींकडे जातात.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नौकेवरची समता ही कोणाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून नसते. टाकीत पाणी किती आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि नौका बुडाली तर सगळेच बुडणार, हेही ठाऊक असते. त्यातून ती येते. जमिनीवर मात्र आपल्याला टाकीचा तळ दिसत नाही, म्हणून कोणी कमी प्यावे आणि कोणी रात्रभर जागावे, हे आपण खुशाल जन्मावरून ठरवीत आलो. आदरातिथ्य ही आपली मोठी संस्कृती आहेच. तिला कामाच्या वाटणीची जोड मिळाली, तर ती अधिक मोठी होईल असे वाटते.