खजिनदाराच्या खुर्चीवरून

मंडळीचा खजिनदार झालं की माणसं दोन्ही अंगांनी दिसायला लागतात. रविवारी ती साक्ष देतात आणि सोमवारी त्यांचीच देणी-घेणी कानावर येतात. नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीच्या पंचकमिटीवर मी बरीच वर्षं काढली. तिथून जे पाहिलं ते नव्याने कमिटीवर येणाऱ्यांना, आणि त्याहून जास्त आपल्या तरुण पोरापोरींना सांगावंसं वाटतं.

ढोंगी म्हटलं की एखादा बिलंदर इसम डोळ्यांपुढे येतो. मला तसा एकही भेटला नाही. भेटली ती चांगलीच माणसं, दशमांश पैशापर्यंत चोख देणारी. अशाच एका गृहस्थांनी मंडळीला पंखे दिले, पात्यांवर नाव रंगवून. पंखा फिरायला लागल्यावर नाव वाचता येईना, म्हणून पुढची देणगी बाकांची आली. बाकाची पाठ हलत नाही! त्याच गृहस्थांच्या मळ्यावरच्या सालगड्याची उचल मात्र कधी फिटत नव्हती, आणि हिशेबाची वही त्याला कुणी दाखवत नव्हतं. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू परूशांवर तुटून पडतो तो नेमका याच जागी. पुदिना-जिऱ्याचाही दहावा हिस्सा मोजून द्यायचा, आणि न्याय नि दया बाजूला ठेवायची. हा अध्याय आम्ही नेहमी शेजारच्या बाकावरच्या माणसासाठी वाचतो.

म्हणून आपली भक्ती खरी की कशी हे मंडळीतल्यांना विचारू नका, ते चांगलंच सांगतील. ज्याचं पोट आपल्या हातात आहे त्याच्या बाजूने एकदा हिशेब वाचा. शेतावरचा गडी, धुणंभांडी करणारी मावशी, दुकानातला पोऱ्या. त्यांचा पगार थकवून उपास-प्रार्थनेला बसू नका.

दुसरी जागा सोयरिकीची. प्रभुभोजनाला सगळे एकाच भाकरीचे वाटेकरी. पण स्थळ बघायला गेलं की चहा संपायच्या आत प्रश्न येतो, "तुम्ही मूळचे कुठले?" विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते. घरात बाप्तिस्म्याला चार-चार पिढ्या झाल्या तरी हा प्रश्न जात नाही. चांगली जमत आलेली लग्नं त्यावर मोडलेली मी पाहिली आहेत, आणि कारण सांगताना "प्रभूची इच्छा नव्हती" म्हणतात. याच्याइतकी चीड मला दुसऱ्या कशाचीच येत नाही. तुमच्या घरी हे झालं तर मोठ्यांचा मान राखून तिथल्या तिथे अडवा. "काका, गाव सांगतो, पुढचं विचारू नका," एवढं पुरतं. काका रागावतील, रागावू द्या.

मात्र प्रत्येक दुहेरीपणाला ढोंग म्हणायची घाईही नको. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा अशी घरं आहेत. खोटं ते खोटंच, हे मलाही कळतं. पण बागायतदाराने पुलपिटावरून अशा घरातल्या, सवलतीवर शिकणाऱ्या पोराला ढोंगी म्हणावं हे मला ऐकवत नाही. आधी त्याची फी भरावी, मग उपदेश करावा.

साक्षीचंही जपून करा. तरुण संघाच्या सभेत दर वेळी कुणीतरी संकटावर विजय मिळवलाच पाहिजे अशी रीत पडली आहे, आणि मग पोरं साक्षीला रंग चढवतात. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तरी त्रैक्याबद्दलच्या शंका तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून उघड कळवल्या. पटलं नाही ते पटलं नाही म्हणाल्या, आणि त्यापायी गर्विष्ठपणाचा ठपकाही सोसला. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत तर त्यांनी सरळ सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तोवर केडगावचं मुक्ती मिशन उभं होतं, दुष्काळातून आणलेल्या मुली तिथे वाढत होत्या. त्या जागेवरून हे लिहायला छाती लागते. तेव्हा "मला अजून हे उमगलेलं नाही" अशी साक्ष कुणी दिली तर पाळकसाहेबांनी त्याला खाली बसवू नये.

भाऊबंदकीचं थोडक्यात सांगतो. बांधावरून भावाशी बोलणं बंद असेल तर प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी त्याला फोन करा. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय, ते अर्पण टाळण्यासाठी नव्हे.

आमच्या कमिटीने देणगीदारांची नावं उपासनेत वाचायचं बंद केलं. पाकिटावरचं नाव फक्त पावतीपुरतं, तेही खजिनदारापाशी. बरेच जण खूश झाले, काही मुळीच झाले नाहीत. एका ज्येष्ठांनी कबूल केलेली रक्कम "पुढे बघू" म्हणत मागे घेतली. अर्पण घटलं, आणि मंदिराच्या छपराचं काम अडलं. दुरुस्ती पावसाळ्याआधी उरकायची आहे आणि पत्रे महाग झालेत, त्यामुळे पुढच्या बैठकीत नावं पुन्हा वाचायचा ठराव येणार अशी कुणकुण आहे. माझं मत विरोधात पडेल.