मुलाखत कॉलेजचीही घ्या! : मेडिकलच्या प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न



आजचा विषय प्राथमिकच्या शिक्षकाने का घ्यावा, असं काहींना वाटेल. पण ‘नीट’चा निकाल लागला की आपल्या हातून चौथी-पाचवी करून गेलेल्या मुलांचे आईवडील आपल्याकडे येतातच. ‘सर, पसंतीक्रम भरायचाय. आधी कोणतं कॉलेज टाकू?’ कारण घरात, नात्यात, गल्लीत डॉक्टर कोणीच नसतो. शिकलेलं माणूस म्हणून ओळखीचे असतो ते आपण. कटऑफ आणि फी सांगायला मोबाइल आहे. पण ‘तिथलं वातावरण कसंय?’ हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर कोणत्याच यादीत छापलेलं नसतं. ते कसं शोधायचं, हा आजचा पाठ.

आपल्याकडे मुलाखत का नाही?

अमेरिकेत मेडिकलच्या प्रवेशासाठी मुलाखत द्यावी लागते. त्या दिवशी कॉलेज मुलाला तपासतं, आणि मूलही कॉलेजला तपासतं. तिथलेच विद्यार्थी उमेदवारांशी गप्पा मारतात, परिसर दाखवतात. इथली मुलं एकमेकांना नोट्स देतात की लपवतात, रविवारी काय करतात, नापास झालेल्याला कसं वागवतात, हे उमेदवार त्यांनाच विचारून घेतो. चार-पाच कॉलेजांच्या मुलाखती झाल्या की त्याच्याजवळ तुलनेला काहीतरी असतं.

आपल्याकडेही मुलाखती होत्या. पण त्यांचा अनुभव कडू होता. नोव्हेंबर १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजय हासिया खटल्याचा निकाल दिला. प्रकरण श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं होतं. लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५०. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि तीत वडील काय करतात, राहता कुठे, असे प्रश्न! न्यायालयाने सांगितलं, मुलाखतीला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी ठरेल. ओळख-पाळख नसलेल्या घरातल्या मुलाच्या दृष्टीने हे योग्यच झालं. आज ‘नीट’च्या ७२० पैकी गुण किती, यावर यादी लागते. तिथे वडिलांचा हुद्दा कोणी विचारत नाही.

पण एक गोष्ट मात्र हातातून गेली. मुलाला कॉलेज बघायला मिळायचं, ते बंद झालं. आता सीईटी सेलच्या किंवा केंद्राच्या संकेतस्थळावर कॉलेजांची नावं खालीवर करायची, यादी लागली की बॅग भरायची आणि हजर व्हायचं. साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप, असा साडेपाच वर्षांचा संसार न पाहिलेल्या जागी मांडायचा.

मराठवाड्यातल्या पालकांना हे जास्त लागू आहे

आपल्या राज्यात पूर्वी ७०:३० चं सूत्र होतं. विभागातल्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांसाठी. मराठवाड्यात जागाच कमी, म्हणून इथल्या पालकांचा त्याला विरोध होता. सप्टेंबर २०२०मध्ये ते सूत्र रद्द झालं. आता आपल्या मुलाला राज्यात कुठेही जागा मिळू शकते. हे चांगलंच झालं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की पैठणची मुलगी गोंदियाला जाईल आणि कन्नडचा मुलगा सिंधुदुर्गला. पूर्वी घाटी किंवा अंबाजोगाई म्हटलं की कोणीतरी ओळखीचं निघायचं. आता तसं निघेलच असं नाही.

त्यात नवी सरकारी कॉलेजं आली. परभणीचं २०२३ला सुरू झालं, जालना आणि हिंगोलीचं २०२४ला. घाटीचं कॉलेज १९५६चं. जुन्या कॉलेजात सीनियर, जुनी जर्नल्स, गॅदरिंग, रुळलेल्या चांगल्या-वाईट सवयी, सगळं तयार मिळतं. नव्या कॉलेजात मुलांनाच सगळं उभं करावं लागतं. यातलं चांगलं कोणतं हे मुलाच्या स्वभावावर आहे. पण फरक आहे हे आधी कळायला हवं.

खरंच एवढा फरक असतो का?

असतो. महाराष्ट्रातलीच तीन उदाहरणं बघा.

पहिलं, पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी. १९४८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत एमबीबीएसला आजही मुलाखत होते. ‘नीट’च्या गुणांवर निवडलेल्या मुलांना पुण्याला बोलावतात. इंग्रजी आकलन आणि तर्काची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. तिथला विद्यार्थी हा कॅडेट असतो. वसतिगृहातच राहायचं, गणवेश, शिस्त, खेळ, आणि शिक्षण झालं की सैन्यदलात अधिकारी म्हणून सेवा. शिक्षणाचा खर्च सरकार करतं, पण हे जगणं ज्याला मनापासून हवं त्यानेच तिकडे जावं. मुलाखत तिथे उपयोगी पडते ती दोघांनाही.

दुसरं, वर्ध्याजवळचं सेवाग्राम. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी १९६९मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केली. नव्या मुलांचे पहिले काही दिवस आश्रमातल्या शिबिरात जातात. खादी, श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना हा तिथला नेम आहे. परिसरात मांसाहार, मद्य आणि धूम्रपानाला बंदी. प्रत्येक बॅचला एक गाव असतं, मुलं तिथे जाऊन राहतात आणि घरं वाटून घेतात. ‘नीट’ येण्याआधी या संस्थेच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असायची. म्हणजे येणाऱ्या मुलाला आपण कुठे चाललोय हे आधीच वाचावं लागायचं. आता ती प्रश्नपत्रिका नाही, नेम मात्र तेच आहेत. तेव्हा आधी वाचून घेण्याचं काम आपलं.

तिसरं, पुण्याचं बी. जे. मेडिकल. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेही इथले विद्यार्थी. मराठी रंगभूमीला एकाच मेडिकल कॉलेजाने इतकी माणसं दिली. त्यांच्या गुणांचा मान त्यांना आहेच, पण अभ्यासाच्या रगाड्यात नाटकासाठी वेळ काढणारे सोबती मिळणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

अभ्यासक्रम देशभर जवळपास सारखाच आहे. शवविच्छेदनाची पुस्तकं तीच. तरी तीन ठिकाणचा दिवस किती वेगळा!

आणि वातावरण बिघडलेलं असेल तर?

हा भाग लिहायला जड आहे, पण टाळता येत नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जळगावच्या आदिवासी कुटुंबातली ही मुलगी. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप घरच्यांनी केला, गुन्हा नोंद झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९पासून आहे. म्हणजे तेव्हा त्याला २० वर्षं झाली होती. कायदा असणं वेगळं, आणि रात्री अकरा वाजता वसतिगृहात कोणीतरी ‘हे चालणार नाही’ म्हणणं वेगळं.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. ऑनलाइन पाहणीत उत्तर देणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. चारातल्या एकापेक्षा जास्त! ही सगळी आपल्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुलं, ज्यांच्याकडे आपण कधी काळजीने पाहिलंच नाही.

म्हणून मला वाटतं, कॉलेजचं वातावरण पहिल्या आलेल्या मुलावरून ओळखू नये. मागे पडलेल्या, आजारी पडलेल्या, एकट्या पडलेल्या मुलाशी तिथले बाकीचे कसे वागतात, त्यावरून ओळखावं.

विचारायचं कसं? आपल्याच वर्गातला पाठ आठवा

आपण मुलांना ‘मुलाखत घ्या’ हा उपक्रम देतो. मुलं पोस्टमनकाकांना विचारतात, ‘काका, तुमचं काम कसं वाटतं?’ काका म्हणतात, ‘छान वाटतं.’ झाली मुलाखत! मग आपण सांगतो, असं विचारा, ‘काका, काल सगळ्यात लांब कुठे गेलात? तिथे काय झालं?’ आता काका बोलायला लागतात. पहिला प्रश्न मताचा, दुसरा घटनेचा. मत विचारलं की समोरचा चांगलं तेच सांगतो. घटना विचारली की खरं काय ते बाहेर येतं.

मेडिकलच्या मुलालाही ‘वातावरण कसंय?’ विचारलं तर तो ‘मस्त आहे, काका’ म्हणेल. त्याऐवजी हे प्रश्न विचारा:

१. मागच्या वेळी तुमच्या मजल्यावर कोणी आजारी पडलं, तेव्हा रात्री त्याला कोणी नेलं?

२. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या इंटर्नलला किती पडले? नंतर त्याला कोणी शिकवलं?

३. तुझ्या बॅचमध्ये विषय राहिलेली मुलं कोणाबरोबर राहतात, कोणाबरोबर जेवतात?

४. पहिल्या वर्षाची मुलं वेगळ्या इमारतीत राहतात का? रात्री तिथे सीनियर येतात का?

५. शेवटची तक्रार कधी झाली आणि पुढे काय झालं? (‘आमच्याकडे तक्रारच नाही’ या उत्तरावर लगेच खूश होऊ नका. तक्रार करायची सोय तरी आहे ना, ते बघा.)

६. दत्तक कुटुंबांना भेटायला गावात शेवटचं कधी गेलात? त्या घरात कोण कोण आहे? (२०२१-२२च्या बॅचपासून हा उपक्रम अभ्यासक्रमातच आहे. घरातल्या माणसांची नावं सांगता आली, तर मुलं खरंच जातात. नाहीतर नुसती वही भरतात.)

७. मागच्या गॅदरिंगला तू काय केलंस?

८. जुनी पुस्तकं आणि जर्नल्स कोणाकडून मिळाली? फुकट की पैसे देऊन?

कोणाला विचारायचं?

किमान तिघांना. एक पहिल्या वर्षाचा, कारण त्याच्या आठवणी ताज्या असतात. एक इंटर्न, कारण त्याने सगळं पाहिलेलं असतं आणि आता त्याला कोणाची भीती नसते. आणि तिसरा, आपल्या मुलासारख्याच घरातून आलेला: त्याच तालुक्यातला, त्याच माध्यमातला, किंवा मुलगी असेल तर मुलगी. शहरातल्या डॉक्टरच्या मुलाला जे कॉलेज सोपं वाटतं, ते वाडीवरच्या मुलाला तसं वाटेलच असं नाही.

शक्य असेल तर एकदा जाऊन या. आपल्या शहरातच घाटी आहे, सिडकोत एमजीएम आहे. एक सरकारी, दुसरं अभिमत विद्यापीठातलं, जिथले प्रवेश केंद्राच्या समुपदेशनातून होतात. फी वेगळी, मुलं वेगवेगळ्या भागांतून येणारी. दोन्हीकडे एकेक संध्याकाळ जा. चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. मुलं एकमेकांना कशी हाका मारतात, ज्युनियर समोर आला की सीनियर हसतो की त्याला उभं करतो, एवढं तर आपल्याला दिसेलच. आपण शिक्षक आहोत, मधल्या सुट्टीत मैदानावर नजर टाकून कोणाचं काय चाललंय ते ओळखतो. तीच नजर इथे वापरायची.

लांबचं कॉलेज असेल तर फोन करा. गावातलं, तालुक्यातलं कोणी तिथे आहे का, ते आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर विचारा. एका दिवसात तीन नंबर मिळतात, हा अनुभव आहे.

मग तक्ता करा

परिसर अभ्यासात आपण करतो तसाच. उभ्या ओळीत कॉलेजं, आडव्या ओळीत प्रश्न. चौकटीत ‘चांगलं’, ‘वाईट’ लिहू नका, काय घडलं ते एका वाक्यात लिहा. तक्ता मुलाने स्वतः भरायचा, आईबाबांनी नाही. फोनही त्यानेच करायचा. साडेपाच वर्षं त्याला राहायचंय. अनोळखी माणसाला नीट प्रश्न विचारता येणं हा डॉक्टर होण्याचा पहिला धडा आहे, आणि तो प्रवेशाच्या आधीच होऊन जातो.

हे ध्यानात ठेवा, गुणांमुळे आपल्याला निवड मिळेलच असं नाही. अनेकांना एकच कॉलेज मिळतं आणि तेच घ्यावं लागतं. तरी ही चौकशी वाया जात नाही. आपण कुठे जातोय, तिथे पहिल्या आठवड्यात कोणाला भेटायचं, कोणत्या गोष्टीला नाही म्हणायचं, हे मुलाला माहीत असतं.

आणखी दोन कामं पालकांची. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर मुलाबरोबर आपलीही सही असते. ते घरी बसून मुलासोबत मोठ्याने वाचा. आणि राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर, १८००-१८०-५५२२, मुलाच्या आणि आपल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

शिक्षक मित्रांनो, आपल्यासाठी एक उपक्रम. या आठवड्यात चौथीच्या वर्गात मुलाखतीचा तास घ्या. शाळेच्या स्वयंपाकीण ताईंना वर्गात बोलवा. फळ्यावर दोन रकाने आखा, ‘मताचे प्रश्न’ आणि ‘घटनेचे प्रश्न’. मुलांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांनाच योग्य रकान्यात लिहायला सांगा, आणि कोणत्या रकान्यातल्या प्रश्नांना ताई जास्त बोलल्या ते मोजायला लावा. यातलं एखादं पोर आठ-नऊ वर्षांनी पसंतीक्रम भरायला बसेल, तेव्हा त्याला कोणाला विचारत फिरावं लागणार नाही.

तुमच्या शाळेतली जी मुलं आज मेडिकलला आहेत, त्यांना वरचे आठ प्रश्न विचारा आणि उत्तरं तुमच्या गावातल्या पुढच्या मुलापर्यंत पोहोचवा.