कोड लिहिण्यापलीकडचे काम



आपल्या धर्मग्रामातील अनेक युवक-युवती सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतात. घरच्यांना वाटते, मुलगी दिवसभर प्रोग्राम लिहीत असेल. प्रत्यक्षात बराच वेळ चाचण्या घेणे, नोंदी ठेवणे, दुसऱ्याने लिहिलेले तपासणे, जुना कोड काढून टाकणे आणि ढीगभर ई-मेल वाचणे यातच जातो. ‘यासाठीच का इंजिनीअर झालो?’ हा प्रश्न मग मनात घर करतो. ही चिडचिड खरी आहे. तिला आळस म्हणून धुडकावू नये.

मात्र या कामांची किंमत समजून घेण्यासाठी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. २०१२ च्या जुलै अखेरीस तिने आपल्या ८ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. ७ सर्व्हरवर तो चढला, एकावर राहून गेला. दुसऱ्या कोणी खातरजमा केली नाही. तसा लेखी नियमच नव्हता. त्या एका सर्व्हरवर, २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड कोणीही न काढल्यामुळे तसाच पडून होता. तो सुरू करणारी खूणच नव्या कोडसाठी पुन्हा वापरली होती. १ ऑगस्टला बाजार उघडला, जुना कोड जागा झाला आणि शेअर खरेदी-विक्रीचे बेसुमार आदेश सोडू लागला. सुमारे ४५ मिनिटांत झालेल्या या गोंधळात कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पुढच्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

विशेष म्हणजे, त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते. त्यांत चुकीचा उल्लेख होता. पण ते धोक्याचा इशारा म्हणून आखलेले नव्हते आणि कोणी ते वेळेवर पाहिलेही नाहीत. रोज असे शेकडो मेल येणाऱ्या माणसाला मी तरी दोष देणार नाही.

जुना कोड काढणे, दुसऱ्याचे काम तपासणे, मेल वाचणे : यातले एकही काम बुद्धीची चमक दाखवणारे नव्हते. तरीही सगळेच निमूटपणे सोसावे असे नाही. (साहेबांनी हे वाचून आणखी दोन फॉर्म वाढवू नयेत!) ८ सर्व्हरवर तोच कोड हाताने चढवणे हे यंत्राचे काम, यंत्र आठवा विसरत नाही. जुन्यातले काय टाकायचे, काय ठेवायचे हे ठरवणे मात्र माणसाचे.

गूगलमध्ये यंत्रणा सांभाळणाऱ्या अभियंत्यांच्या अशा हाताने पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कामाला ‘टॉइल’ म्हणतात. ते त्यांच्या वेळेच्या ५० टक्क्यांच्या आत ठेवायचे, असे उद्दिष्ट त्यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात मांडले. ज्यांना आपल्या ऑफिसात असे काही मागायचे असेल, त्यांनी आधी आठवडाभर वहीत टिपून ठेवावे : कोणते काम किती वेळा केले, किती मिनिटे गेली आणि त्यात डोके चालवावे लागले की नुसती बोटे. नुसत्या तक्रारीपेक्षा ती वही साहेबांना दाखवणे सोपे जाते.