गडद रंगाची मोटार आणि आठ लिटर पाणी

नवी मोटार दारात येते तो दिवस कुटुंबाच्या कायम स्मरणात राहतो. चाकांखाली लिंबे ठेवली जातात, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, हार चढतो, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. रंग निवडताना अनेकांचे मन काळ्या, गर्द निळ्या किंवा गडद तांबड्या रंगावर बसते. विक्रीदालनाच्या प्रकाशात त्या रंगात आपला चेहरा आरशासारखा स्वच्छ दिसतो. मात्र सहा-आठ महिन्यांनी तीच गाडी दुपारच्या उन्हात पाहिली असता सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसू लागतात. अपघात झालेला नसतो, भिंतीला गाडी घासलेली नसते. उलट ती रोज न चुकता पुसली गेलेली असते. नेमकी मेख येथेच आहे. बहुतेक वेळा ही वर्तुळे गाडी स्वच्छ करण्याच्या पद्धतीतूनच निर्माण होतात.

ही हानी टाळता येते आणि त्यासाठी बादलीभर पाणीही पुरेसे होते. कसे, ते समजून घेण्यापूर्वी मोटारीच्या रंगाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

पारदर्शक थर : न वाढणारे मुद्दल

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर एकावर एक असे अनेक थर असतात. प्रथम गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यानंतर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यांपैकी पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर गाडीची सारी झळाळी केसाहूनही पातळ अशा एका पापुद्र्यावर अवलंबून असते. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात असतात.

बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर हे असे मुद्दल आहे की ज्यातून रक्कम काढता येते, पण भरता येत नाही. ओरखडे घालविण्यासाठी यंत्राने पॉलिश केले जाते, तेव्हा ओरखडे ‘भरत’ नाहीत. त्यांच्या खोलीपर्यंत आजूबाजूचा थर घासून सपाट केला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिशमध्ये मुद्दलातील काही मायक्रॉन खर्ची पडतात. दर दिवाळीला पॉलिश करीत गेल्यास कधीतरी हा थर अपुरा पडतो, रंग फिका पडू लागतो आणि तो भाग नव्याने रंगविण्याखेरीज मार्ग उरत नाही. मेण किंवा ग्लेझ यांनी ओरखडे काही काळ झाकले जातात खरे, परंतु झाकलेले कर्ज म्हणजे फेडलेले कर्ज नव्हे. चार-सहा धुण्यांनंतर ते पुन्हा वर येते.

गडद रंगावरच वर्तुळे का दिसतात?

धुळीमध्ये वाळूचे, म्हणजेच क्वार्ट्‌झ या खनिजाचे बारीक कण असतात. खनिजांच्या कठिणतेच्या मोह्‌स मापश्रेणीत क्वार्ट्‌झचा क्रमांक ७ आहे. त्यापुढे पारदर्शक थर फारच मऊ ठरतो. कोरड्या फडक्याखाली असा एखादा कण दाबून ओढला गेला की तो कानशीसारखे काम करतो आणि मागे बारीक चर सोडतो.

पांढऱ्या गाडीवरही असे चर पडतातच. पण पांढरा रंग मुळातच सर्व बाजूंना प्रकाश विखुरतो, त्यामुळे चराच्या कडेवरून येणारी तिरीप त्यात हरवून जाते. काळा रंग प्रकाश शोषून घेतो. त्या अंधाऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक चराची कड उजळून उठते.

आणखी एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. हे चर प्रत्यक्षात वर्तुळाकार असतातच असे नाही. ते वाटेल त्या दिशांना पडलेले असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या वाटेला आडवे असलेले तेवढेच डोळ्यांना चमकताना दिसतात, म्हणून सूर्याभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. पाहणारा दोन पावले सरकला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. यातून एक व्यावहारिक बोध निघतो. हात गोल फिरविल्यास चर सर्व दिशांना पडतात आणि ते कोठूनही दिसतात. हात सरळ एका दिशेने फिरविल्यास चुकून पडलेला चर ठरावीक कोनातूनच दिसतो. अर्थात सरळ हाताने चर टळत नाही. तो टाळण्यासाठी कण आणि रंग यांच्यामध्ये काहीतरी निसरडे असावे लागते.

बेंगळुरूचा धडा

‘मग भरपूर पाणी मारून धुवावी,’ असे कोणीही म्हणेल. पूर्वी हा सल्ला योग्यही होता. परंतु घरगुती नळीतून मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी वाहते असे धरले, तर पंधरा मिनिटांच्या धुण्याला १५० ते २२५ लिटर पाणी लागते.

२०२३ च्या अपुऱ्या पावसानंतर बेंगळुरूमध्ये असंख्य कूपनलिका आटल्या. हे शहर आपल्या कावेरीच्या पाण्यासाठी सुमारे १०० किलोमीटर दूरच्या नदीवर अवलंबून आहे. मार्च २०२४ मध्ये तेथील पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पिण्याचे पाणी वाहने धुण्यासाठी वापरण्यास बंदी केली आणि ५००० रुपये दंड ठरविला. पुन्हा तोच प्रमाद घडल्यास दररोज आणखी ५०० रुपये. त्याच महिन्यात २२ कुटुंबांकडून मिळून १ लाख १० हजार रुपये वसूल झाल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अशी बंदी पुन्हा लागू करण्यात आली. दिल्लीतही मे २०२४ मध्ये नळीने गाडी धुणाऱ्यास २००० रुपये दंड जाहीर झाला होता. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे महाराष्ट्रातील वाचक विसरलेले नसतील.

नळी बंद झाली की हात साहजिकच कोरड्या फडक्याकडे वळतो आणि गडद गाडीचे सर्वाधिक नुकसान तेव्हाच होते. पाण्याची उधळण आणि कोरडे घासणे या दोन्हींमधील मार्ग म्हणजे ‘रिन्सलेस वॉश’, अर्थात न विसळता धुणे.

तत्त्व आणि साहित्य

या पद्धतीसाठी मिळणाऱ्या द्रावणात पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये आणि पॉलिमर असतात. ती धुळीच्या कणाला ओलावून सैल करतात, त्याच्याभोवती निसरडे आवरण तयार करतात आणि तो कापडात उचलला जाईपर्यंत रंगावर घासू देत नाहीत. साबणाच्या फेसाप्रमाणे ते विसळून काढावे लागत नाही. साधा साबण किंवा भांडी घासण्याचे द्रव्य त्याच्या जागी चालत नाही, कारण ते न विसळता वाळले तर डाग उरतात.

साहित्य पुढीलप्रमाणे असावे :

१. रिन्सलेस वॉशचे द्रव्य. अनेक द्रव्यांचे प्रमाण एकास २५६ असे असते, म्हणजे ८ लिटर पाण्यात सुमारे ३० मिलिलिटर. बाटलीवरील सूचना मात्र अंतिम मानावी. अधिक द्रव्य घातल्याने गाडी अधिक स्वच्छ होत नाही, उलट चिकट पट्टे राहतात.

२. हाताने हवा भरण्याची एक-दोन लिटरची फवारणी बाटली. तीत हेच द्रावण भरावे.

३. सहा ते आठ मऊ मायक्रोफायबर कापडे आणि कोरडे करण्यासाठी जाड लवीची दोन निराळी कापडे. कडांची शिवण टोचणारी नसावी आणि लेबले कापून टाकावीत.

४. चाकांसाठी जुनी कापडे. ही बॉडीवरील कापडांत कधीही मिसळू नयेत, कारण चाकांवर ब्रेकमधून झडलेले धातूचे कण असतात.

पाणी शक्यतो मृदू असावे. कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार काळ्या रंगावर पांढरे ठिपके ठेवतात. घरातील जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काटकसर म्हणून वापरण्याचा मोह टाळावा, कारण त्यात क्षारांचे प्रमाण मूळ पाण्याहूनही अधिक असते. याउलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पाचेच झालेले असल्याने जवळजवळ क्षारमुक्त असते. ते स्वच्छ बादलीत साठवून गाळून घेतल्यास या कामास उत्तम.

प्रत्यक्ष कृती

काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. पहाटेची किंवा सायंकाळनंतरची वेळ योग्य. तळहात बोनेटवर ठेवून उष्णता जाणवत असेल तर थांबावे, कारण द्रावण वाळले की त्याचा निसरडेपणा संपतो.

सर्व कापडे बादलीतील द्रावणात भिजत घालावीत. एका वेळी गाडीचा एकच भाग हाती घ्यावा. प्रथम त्यावर फवारणी करून दोन-तीन मिनिटे थांबावे. हा थांबा म्हणजे आळस नव्हे, खरे काम याच वेळात होते. त्यानंतर एक कापड हलके पिळून त्याची दोनदा घडी घालावी. अशा घडीतून उलटसुलट मिळून आठ स्वच्छ बाजू मिळतात. कापडाच्या स्वतःच्या वजनापेक्षा अधिक दाब न देता सरळ रेषेत एकदा हात फिरवावा. मागे-पुढे घासू नये. एक-दोन हातांनंतर घडी उलटून नवी बाजू घ्यावी. आठही बाजू वापरून झाल्या की ते कापड बाजूला टाकावे.

वापरलेले कापड पुन्हा बादलीत बुडवू नये. संपूर्ण पद्धतीचा प्राण या एका नियमात आहे. सहा कापडांच्या ४८ बाजू होतात आणि मध्यम आकाराच्या मोटारीला त्या पुरतात.

प्रथम छत, मग काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर असा क्रम ठेवावा. खाली खडी आणि डांबराचे जाड कण असतात, ते वर नेऊ नयेत. प्रत्येक भाग धुतल्यावर लगेच जाड कापड त्यावर पसरून टिपून घ्यावा. जमिनीवर पडलेले कापड त्या दिवसापुरते बाद समजावे.

काम झाल्यावर कापडे सुती कपड्यांपासून निराळी, सौम्य द्रव साबणाने धुवावीत. कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये, त्याने तंतूंवर थर बसून कापडाची धूळ धरण्याची शक्ती कमी होते.

मर्यादाही ध्यानात असाव्यात

कोकणातील तांबडा चिखल, समुद्रकिनाऱ्यावरची वाळू किंवा पावसाळ्यात चढलेला राड्याचा थर यांवर ही पद्धत थेट वापरू नये. असा जाड थर प्रथम साठविलेल्या पावसाच्या किंवा संकुलातील प्रक्रिया केलेल्या पाण्याने उतरवावा आणि मग उरलेल्या धुळीसाठी ही कृती करावी. पक्ष्यांची विष्ठा दिसताच द्रावणात भिजविलेले कापड तिच्यावर काही मिनिटे ठेवून उचलून घ्यावी, घासू नये. आणखी एक सूचना आच्छादनाविषयी. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर चढविले तर वाऱ्याने ते हलत राहते आणि दिवसभर घासण्याचेच काम करते. कव्हर स्वच्छ गाडीवरच घालावे.

हात दुसऱ्याचे, हानी सर्वांची

शहरातील बहुसंख्य मोटारी मालक स्वतः धुत नाहीत. पहाटे येणारा गाडी पुसणारा एकच बादली आणि एकच फडके घेऊन दहा-पंधरा गाड्यांवरून हात फिरवितो. पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीपर्यंत पोहोचते. वर्तुळे दिसली की बोल त्याला लागतो, कधी त्याचे कामही जाते. परंतु फडके त्याला कोणी दिले होते? बादलीतील पाणी बदलण्यास वेळ आणि नळ कोणी दिला होता? पाण्यावर निर्बंध येतात तेव्हा पहिली कुऱ्हाडही त्याच्याच रोजगारावर पडण्याची भीती असते.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक मालकाने आपल्या गाडीची कापडे, द्रव्य आणि फवारणी बाटली निराळ्या पिशवीत द्यावी आणि एका रविवारी त्याच्यासोबत उभे राहून सारी कृती करून दाखवावी. रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा या पद्धतीने धुण्याचे ठरवावे आणि दिवस कमी झाले म्हणून महिन्याचा मोबदला कमी करू नये. कमी दिवसांत अधिक कौशल्याचे काम होत असेल, तर त्याचे मोल अधिकच असावयास हवे.

मोटारीच्या कर्जाचे हप्ते साधारण पाच ते सात वर्षे चालतात. कर्ज फिटेल त्या दिवशीही गाडीत आपला चेहरा स्पष्ट दिसावा अशी इच्छा असेल, तर पहिल्या आठवड्यापासूनच कोरडे फडके दूर ठेवावे. पारदर्शक थराचे मुद्दल वाढविणे कोणाच्याही हाती नाही. ते उगाच खर्ची न घालणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी बादलीतले आठ लिटर पाणी पुरते.