कठीण खडकातील खोदकाम : वेग कोठे वाढतो व कोठे अडतो

दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खणावयास घेणे म्हणजे पावसाळ्याशी शर्यत लावणे होय. दिवाळीनंतर आरंभिलेल्या कामास मृगापूर्वी पाणी न लागल्यास गाळाने भरलेला अर्धवट खड्डा व कर्ज एवढेच पदरी राहते. म्हणून खडक लवकर कसा फुटेल याविषयी झालेल्या संशोधनाचे सार आम्ही येथे देत आहो.

भोके पाडणे, दारू ठासणे, सुरुंग उडविणे, धूर जाऊ देणे व दगड वर काढणे अशी ही कामे क्रमाने चालतात. एकंदर कामाचा वेग मुख्यतः त्यांतील सर्वांत मंद कामावर अवलंबून असतो. पूर्वी पहार व घण यांनी भोक पाडण्यातच दिवस जात. आल्प्स पर्वतातील बारा किलोमीटरांहून लांब असा फ्रेझ्यूचा बोगदा १८५७ साली हातानेच सुरू झाला. १८६१ पासून जर्मेन सोमेये या अभियंत्याची दाबलेल्या हवेवर चालणारी यंत्रे तेथे लागली व १८७१ साली बोगदा खुला झाला. १८६७ साली नोबेल यांनी डायनामाइटचे पेटंट घेतले. साध्या दारूहून त्याचा जोर पुष्कळच अधिक. १९४० नंतरच्या दशकात टंगस्टन कार्बाइडच्या टोकाच्या छिन्न्या प्रचारात आल्या व वारंवार धार लावण्याचा खोळंबा कमी झाला. १९५० नंतरच्या दशकात हातोडाच छिन्नीच्या पाठोपाठ भोकात उतरू लागला. त्यामुळे लांब दांड्यांत घावाचा जोर वाया जाईना. आजच्या कूपनलिका याच रीतीने एका दिवसात शेकडो फूट खाली जातात.

उघड्या विहिरीत मात्र भोके लवकर पडू लागताच दगड काढणे मागे पडले, म्हणून इंजिनाची यारी आली. सुरुंगांचा क्रमही महत्त्वाचा आहे. खडक मोकळी जागा मिळेल तिकडेच फुटतो. यास्तव मधली तिरपी भोके आधी व कडेची नंतर उडवावी. सर्व एकदम उडविल्यास दारू वाया जाते व बाजूंच्या भिंती खिळखिळ्या होतात.

या घाईत जीव जाऊ नये. न उडालेला सुरुंग कोणीही उकरू नये व जुन्या भोकाच्या बुडात पुन्हा छिन्नी लावू नये. हे काम परवानाधारकाकडूनच करवावे. भोक पाडताना पाणी सोडावे. कोरडी धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्र खडक फोडते, पाणी निर्माण करीत नाही. आपल्या भागात पाणी मुरमात, मांजऱ्या खडकात व भेगांत असते. अभंग काळ्या पाषाणात ते जवळजवळ नसतेच. हाताने खणणारास थांबून विचार करण्यास अवधी मिळे. यंत्राने चुकीची जागाही तितक्याच वेगाने खोल जाते. म्हणून शेजारच्या विहिरींचे थर व उन्हाळ्यातील पाणी आधी पाहावे, जागा जाणत्याकडून तपासून घ्यावी, आणि मगच यंत्र बोलवावे.