पारख हातातून कागदावर कशी उतरवावी?



शिवडीला कापूस पिकत नाही, हे सांगायला नको. तरीही हार्बर मार्गावर शिवडीच्या अलीकडच्या स्थानकाचे नाव कॉटन ग्रीन आहे. मुंबईचा कापूस बाजार पूर्वी कुलाब्याला भरत असे. १९२० च्या दशकात तो शिवडीच्या बाजूला भराव घातलेल्या जमिनीवर आला आणि तेथे कॉटन एक्स्चेंजची इमारत उभी राहिली. विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातला कापूस गाठींच्या रूपाने येथे येई आणि त्याची किंमत ठरे ती पारखी माणसाच्या बोटांवर.

हा पारखी काय करी? गाठीतून मूठभर रुई काढी, दोन्ही हातांत धरून फाडी, अर्धी टाकून देई. उरलेल्या पुंजक्यातून चिमटीने तंतू ओढून एकावर एक ठेवी, आखूड तंतू झटकून टाकी आणि राहिलेली बारीक पेंडी काळ्या कापडावर ठेवून लांबी सांगे. लांबी इंचाच्या बत्तिसाव्या भागात सांगण्याचा प्रघात होता. मुरलेल्या पारख्याचा अंदाज फार चुकत नसे. पण ‘कसे ओळखलेत?’ असे विचारले, तर ‘सवयीने’ एवढेच उत्तर मिळे.

आपल्या शेतातील जाणत्या माणसाचेही तेच असते. पाणी केव्हा द्यायचे, बोंड कधी वेचायचे, हे त्याला ‘कळते’. तो माणूस आजारी पडला किंवा थकला, की ते कळणे त्याच्याबरोबर जाते. म्हणून एका माणसाची सवय दहा माणसांच्या उपयोगी पडेल अशी पद्धत कशी होते, हे कापसाच्या व्यापाराकडून शिकण्याजोगे आहे.

व्यापाराने पहिली गोष्ट केली ती नमुन्याची. ‘चांगला कापूस’ हे शब्द प्रत्येकाच्या मनात वेगळे असतात. म्हणून प्रत्येक प्रतीचा खरा कापूस पेटीत भरून ठेवायचा आणि समोरचा माल त्या पेटीशेजारी धरून पाहायचा, असे ठरले. अमेरिकेच्या अशा पेट्या १९२४ पासून इतर देशांतील बाजारांनीही मान्य केल्या. दुसरी गोष्ट उजेडाची. पिवळ्या दिव्याखाली पांढरा कापूसही पिवळसर दिसतो, म्हणून प्रतवारीच्या खोलीत उत्तरेकडून येणारा उजेड घेण्याची रीत पडली. तिसरी गोष्ट म्हणजे एकाच्या मतावर निर्णय न ठेवणे. वाद झाल्यास दोन्ही बाजूंचा एकेक परीक्षक पाही आणि दोघांचे जमले नाही तर तिसऱ्याचे मत घेत.

१९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२४ साली शिवडीपासून जवळच माटुंग्याला तिची तंत्रविषयक प्रयोगशाळा सुरू झाली. आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ती हीच. पारख्याची बोटे जे सांगत ते तेथे आकड्यात मोजले जाऊ लागले. आता यंत्रावर तंतूची लांबी, ताकद, मायक्रोनेअर आणि रंग थोड्या वेळात मिळतो. मात्र या यंत्रालाही ६५ टक्के आर्द्रतेची खोली लागते आणि प्रमाणित कापसाशी ते अधूनमधून ताडून घ्यावे लागते. यंत्र आले तरी नमुन्याची पेटी सुटली नाही, हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या शेताकडे वळू. स्वच्छ वेचणीच्या शिफारशी आपणांस ठाऊक आहेत. साधारण ३० ते ३५ टक्के बोंडे फुटल्यावर पहिली वेचणी करावी व पुढील वेचण्या १५ ते २० दिवसांच्या अंतराने कराव्यात. दव उडाल्यावर सुरुवात करून जास्तीत जास्त काम दुपारच्या आत उरकावे, कारण उन्हात वाळलेल्या पाल्याचा चुरा कापसाला चिकटतो. झाडाच्या खालच्या बोंडापासून वर वेचत जावे. कवडी कापूस वेगळा ठेवावा. प्लॅस्टिकच्या गोण्या न वापरता सुती कापड वापरावे.

काही वर्षांपूर्वी हेच मी एका कागदावर छापून वेचणीच्या बायकांना वाचून दाखवले होते. संध्याकाळी आलेल्या कापसात नेहमीइतकाच पाला होता. मला त्यांचा राग आला. खरे तर चूक कागदाची होती, म्हणजे माझी. ‘पूर्ण उमललेले बोंड वेचावे’ असे मी लिहिले होते. पूर्ण म्हणजे किती? एकीला पांढरे दिसले की पूर्ण वाटे, दुसरीला कापूस लोंबला की.

त्याच टोळीत एक वयस्क मावशी होत्या. त्यांच्या ओटीतला कापूस वेगळा ओळखू येई. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग मी वही घेऊन दोन ओळी चाललो. त्यांना काही विचारले नाही, फक्त हात पाहिले. बोंडाला हात लावताच पाकळ्यांचा कापूस एका ओढीत सुटला तर त्या घेत. अडला तर बोंड तसेच सोडून पुढे जात. तीन बोटे कापसाच्या मुळाशी घालत, त्यामुळे बोंडाखालची वाळकी पाती ओढली जात नसे. कमरेला ओटीखेरीज एक लहान पिशवी होती. डागाळलेली पाकळी तिच्यात जाई. यातले एकही मावशींनी मला कधी सांगितले नव्हते, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखे नव्हतेच.

तेव्हापासून मी जाणत्या माणसाला ‘कसे करता?’ असे आधी विचारत नाही. प्रथम पाहावे, लिहावे आणि मग विचारावे. लिहिताना ‘पूर्ण’, ‘योग्य’, ‘पुरेसे’ हे शब्द आले, की तेथे थांबावे. त्यांच्या जागी हाताला किंवा डोळ्याला कळेल अशी खूण लिहावी. ‘पूर्ण उमललेले’ याऐवजी ‘एका ओढीत सुटणारे’. नमुन्यासाठी दोन पारदर्शक बरण्या पुरतात. एकीत घ्यावयाचा कापूस आणि दुसरीत कवडी भरून बांधावर ठेवावी. शब्दांवरून वाद होतो, बरणीवरून सहसा होत नाही.

लांबीचा अंदाजही घरी घेता येतो. सरकीवरचे तंतू बारीक कंगव्याने दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखे विंचरावेत. सरकीच्या कडेपासून दाट तंतू जेथे संपतात तेथपर्यंत पट्टीने मिलिमीटर मोजावेत. वेगवेगळ्या झाडांवरील दहा सरक्या घेऊन सरासरी काढावी. २७.५ ते ३२ मिलिमीटर कापूस लांब धाग्याचा समजतात. आपला आकडा प्रयोगशाळेशी तंतोतंत जुळणार नाही, पण पहिल्या आणि तिसऱ्या वेचणीतला फरक त्यातून नक्की कळेल.

कागद तयार झाल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. ज्याने हे काम कधी केले नाही अशा माणसाच्या हाती तो द्यावा आणि आपण गप्प बसावे. हे सर्वांत अवघड. तो जेथे अडेल किंवा आपल्याला जेथे तोंड उघडावेसे वाटेल, तेथे कागद अपुरा आहे असे समजून तेवढीच ओळ बदलावी. नंतर शिवडीच्या परीक्षकांप्रमाणे दोघांनी एकाच ढिगाची प्रत वेगवेगळी ठरवून ताडून पाहावी.

एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. मजुरी किलोवर असेल, तर निवडून वेचणाऱ्या बाईचे रोजचे किलो कमी भरतात. कागदाने तिचे नुकसान होणार असेल, तर ती तो पाळणार नाही आणि तिचे चुकतेही नाही. स्वच्छ कापसाला किलोमागे थोडी जादा मजुरी ठरवावी किंवा दिवसाचा रोज द्यावा. तसेच गावातला व्यापारी पुष्कळदा स्वच्छ व कचऱ्याचा कापूस एकाच भावाने घेतो. एकट्याच्या दोन क्विंटलला वेगळा भाव मागणे कठीण. तोच कागद गटातील दहा-पंधरा जणांनी पाळून एकसारखा माल एकत्र जिनिंगला नेला, तर बोलणी करता येतात. खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात आणि ८ टक्क्यांपेक्षा जास्त भरल्यास भाव कापतात, १२ टक्क्यांपुढे माल घेत नाहीत. तेव्हा वाळवण्याची ओळही कागदात हवी.

माझा दुसरा कागद मावशींच्या भाच्याने त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोन ओळी खोडायला लावल्या. एक ‘डाव्या हाताने बोंड धरावे’ ही. टोळीत एक डावखुरी मुलगी होती. दुसरी लहान पिशवी उजव्या बाजूस बांधण्याची. ‘वाकताना ती मांडीत अडकते, मागे बांधायला लिहा,’ असे त्या म्हणाल्या. तसे लिहिले आहे.