आधी ट्रंक, मग माळा

लालबागच्या आमच्या खोलीतून २०२१च्या दिवाळीआधी अकरा किलो रद्दी निघाली. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी आणि राहणारी चार माणसं. आई गावी गेली होती. ती यायच्या आत घर लख्ख करून ठेवू, असं भावाने आणि मी ठरवलं. माळ्यावरचं जुनं मखर, तळ गेलेल्या बादल्या, तीन फाटक्या गोधड्या असं एकेक खाली आलं. खाटेखालची वडिलांची पत्र्याची ट्रंक सगळ्यांत शेवटी ओढली. वडील जाऊन सात वर्षं झाली होती. ट्रंकेत वर घोंगडी आणि खाली कागद होते: पगाराच्या पावत्या, रजेची पत्रं, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, सुतळीने बांधलेले गठ्ठे. काहींच्या घड्या इतक्या जुन्या की उघडताना तुकडा हातात यायचा. वडिलांची कापडगिरणी कधीच बंद पडली, आता हे कोण विचारणार, असं म्हणत मीच ते गठ्ठे तराजूत ठेवले.

विचारणारे दोन वर्षांनी आले.

सप्टेंबर २०२३मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या पात्रता निश्चितीची मोहीम सुरू केली. घरासाठी पूर्वी अर्ज केलेले सुमारे दीड लाख कामगार आणि त्यांचे वारस यांनी आपापले पुरावे आणून द्यायचे होते. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर माणूस गिरणीत कामाला होता, हे कागदावर दिसायला हवं. कोणते कागद चालतील याची यादी चाळीच्या फळ्यावर लागली. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबरची प्रत, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, हजेरीपत्र, भरपगारी रजेचं पत्र, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, कामगार विमा योजनेचा क्रमांक. ती यादी वाचताना मला आमची ट्रंक डोळ्यांसमोर दिसत होती, वरपासून तळापर्यंत, ज्या क्रमाने मी ती रिकामी केली त्याच क्रमाने.

आई एवढंच म्हणाली, “तेंचो लाल पास खंय ठेवलंस गो?”

वडिलांनी अर्जाची नोंद हयातीतच करून ठेवली होती, म्हणून निदान दार उघडं होतं. पुढचे काही महिने कागद शोधण्यात गेले. विमा योजनेचं कार्ड आईच्या पोथीच्या फडक्यात सापडलं. आजारपणात परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात न्यावं लागायचं म्हणून तिने ते वेगळं ठेवलं होतं. तिकीट नंबर सापडला तो वडिलांच्या साच्यावरच्या जोडीदाराच्या तोंडी. ऐंशीच्या घरातले ते काका पलीकडच्याच चाळीत राहतात. स्वतःचा नंबर सांगून ते थांबले नाहीत, शेजारच्या चार साच्यांवरचेही सांगितले. पण सांगितलेला नंबर म्हणजे कागद नव्हे. आमची फाइल जमा आहे, निर्णय व्हायचा आहे.

हे लिहिण्याचं कारण आमची फाइल नाही. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात आज शेकडो घरं रिकामी होताहेत, आवरली जाताहेत, पुनर्विकासाला निघाली आहेत. त्यांतल्या बहुतेक खोल्यांत खाटेखाली अशी एक ट्रंक आहे.

ती ट्रंक तिथे कशी आली, हे समजून घेतलं तर ती कशी आवरायची तेही कळतं. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेला माणूस सहसा एकटा यायचा. गावाच्या नावाने भाड्याने घेतलेल्या गाळ्यात वीस-तीस जण राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. अशा ठिकाणी माणसाच्या मालकीचं काय? भिंतीवरची एक खुंटी, एक वळकटी आणि एक कुलपाची ट्रंक, तिच्या झाकणावर रंगाने घातलेलं नाव, गाव, तालुका. जे गमावून चालणार नाही ते सगळं ट्रंकेत. पुढे लग्न झालं, खोली मिळाली, बायको-मुलं आली, तरी ट्रंकेचा हा नेम मोडला नाही. म्हणून चाळीतल्या जुन्या माणसाची ट्रंक हा अडगळीचा ढीग नसतो. त्याने स्वतः निवडून ठेवलेल्या गोष्टींचा तो साठा असतो. मला हे दोन वर्षं उशिरा कळलं.

घर आवरण्याची पुस्तकं आता मराठी घरांतही पोचली आहेत. जपानच्या मारी कोंडो यांचं पुस्तक २०१४मध्ये इंग्रजीत आलं आणि जगभर गाजलं. वस्तू हातात घ्या, तिने आनंद होत असेल तर ठेवा, ही त्यांची कसोटी अनेकांना माहीत आहे. कपाटातल्या साड्यांना ती उत्तम लागू पडते. मी स्वतः वापरली आहे. त्यांचा क्रमही ठरलेला आहे: आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद. कागदांच्या बाबतीत त्यांचा कल बहुतेक सगळं काढून टाकण्याकडे आहे, मोजके कायमचे कागद तेवढे ठेवायचे. तोक्योतल्या फ्लॅटमध्ये हे ठीक असेल. १९८३ सालची पगाराची पावती हातात घेऊन कुणाला आनंद होणार? पण २०१२च्या सोडतीत गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरं निघाली आणि मार्च २०२०च्या सोडतीत आणखी ३,८९४. घर २२५ चौरस फुटांचं, आणि त्याच्या दाराशी नेणारा रस्ता अशाच पावतीवरून जातो. आपल्याकडे क्रम उलटा हवा. कागद पहिल्या दिवशी, आणि फक्त कागद.

गिरणीशी संबंध नसलेल्या घरांनाही हे तितकंच लागू आहे. गिरगावातल्या पागडीच्या खोल्यांचं उदाहरण घ्या. तिथे भाडेपावती हाच राहणाऱ्याचा आधार. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळू शकतो. मग ‘सोबत राहत होतो’ हे दाखवायचं कशाने? त्या वर्षांचं रेशनकार्ड, वीजबिल, मुलांच्या शाळेचा दाखला, त्या पत्त्यावर आलेलं बँकेचं पत्र. नवं रेशनकार्ड मिळालं म्हणून जुनं टाकून देणारी माणसं मी पाहिली आहेत. जुन्यावर आजोबांचं नाव असतं, आणि ‘तेव्हा’ राहत असल्याचं तेच सांगतं. इमारत पुनर्विकासाला गेली की पात्रतेच्या यादीसाठी हेच कागद मागितले जातात.

तर करायचं कसं? घरातलं सर्वांत वयस्कर माणूस समोर असल्याशिवाय ट्रंक किंवा कपाटाचा लॉकर उघडू नका. आमची मोठी चूक ही होती. आई बसली असती तर तिने गठ्ठा नुसता पाहून सांगितलं असतं. एका बैठकीत एकच ट्रंक किंवा एकच पिशवी घ्यावी, म्हातारं माणूस दमलं की थांबावं. प्रत्येक कागद उघडून वाचायचा. ज्यावर नावासोबत तारीख, पत्ता किंवा क्रमांक आहे, तो त्या दिवशी टाकायचा नाही, मग तो कितीही क्षुल्लक दिसो. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, औषधांच्या दुकानाची बिलं आधी बाजूला काढली तरी निम्मं ओझं उतरतं. उरलेल्यांची एका वहीत नोंद करावी: कागद कोणता, कुणाच्या नावाचा, साल कोणतं. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर सरळ, दिवसाउजेडी फोटो काढून दोन वेगवेगळ्या माणसांच्या फोनवर ठेवावा. फोटोने मूळ कागदाची जागा भरत नाही, पण क्रमांक हाती राहतो, आणि क्रमांक हाती असला की शोध घेता येतो.

मूळ कागद लॅमिनेट करू नयेत. नंतर तो मूळच आहे का हे तपासणं अवघड होतं आणि प्लास्टिक काढताना कागद फाटतो. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढाव्यात, मुंबईच्या हवेत त्या गंजून कागदाला भोक पाडतात. घड्या सपाट करून मोठ्या पाकिटात घालावं. हे पाकीट माळ्यावर नको, कारण छत गळलं तर पहिलं तेच भिजतं. आणि तळमजल्यावर राहत असाल तर खाटेखालीही नको. २६ जुलै २००५ला परळ, हिंदमाता भागातल्या कित्येक तळमजल्यांवर पाणी शिरलं, आणि खाटेखालच्या ट्रंका त्या पाण्यात उभ्या होत्या. कपाटाचा छातीच्या उंचीचा खण सर्वांत चांगला. आपल्याला तर कपाटाचा शेजार जुना आहे: अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना १८९७मध्ये लालबागलाच काढला, आणि १९२३पासून त्यांच्या कंपनीची पोलादी कपाटं बाजारात आली. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाकीट उघडून कागदांना वारा द्यावा. कसर लागली असेल तर वेळीच दिसते.

एवढं झाल्यावर बाकी घर मोकळ्या हाताने आवरता येतं, आणि तिथे मात्र मन घट्ट करावं लागतं.

चाळीतल्या खोलीत सर्वांत जास्त जागा खातो तो वर्षाचा साठा. लालबागच्या मसाला गल्लीतून मिरच्या घेऊन, डंकावर कुटून आणलेला मसाला, कोकणातून आलेले तांदूळ, कोकम, कुळीथ, पापड. दहा माणसांच्या एकत्र घरात या बरण्या वर्षअखेर रिकाम्या व्हायच्या. आता चार माणसं, त्यांतली दोन डबा बाहेरचा खाणारी, आणि बरण्या तेवढ्याच. मसाला गल्ली तर हाकेच्या अंतरावर आहे. तीन-चार महिन्यांपुरता मसाला करून घेतला तर वासही ताजा राहतो आणि मांडणीचा एक पूर्ण कप्पा सुटतो. आईला हे पटवायला मला एक अख्खा उन्हाळा लागला, पण पटलं.

दुसरी जागा तांब्यापितळेची. बंब, घंगाळ, हंडे, मोठाली पातेली. ही भांडी मोडीत काढताना एक नजर ठेवावी: भंगारवाल्याचा दर आणि तांबाकाट्याच्या भांडीबाजारातला दर वेगळा असतो, तेव्हा आधी तिथे जाऊन विचारून यावं. भांड्यांवर नावं आणि तारखा कोरलेल्या असतात. एखादं नाव कोरलेलं भांडं ठेवावं आणि रोज वापरावं. आमच्याकडे आजीच्या नावाचा तांब्या पाण्यासाठी बाहेर आहे, बाकीचं गेलं. कपड्यांचं सोपं. बोहारणीला हाक मारा, हे काम ती पिढ्यान् पिढ्या करते आहे, आणि तिच्या हातून गेलेला कपडा कुणाच्या तरी अंगाला लागतो.

मखराचं काय? महाराष्ट्रात २०१८पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तरी माळ्यांवर त्याचे तुकडे अजून जपलेले आढळतात. ते काढाच. लाकडी घडीचं एक मखर पुरतं.

आणि ‘गावी नेऊन टाकू’ हा आपला आवडता तोडगा. मुंबईच्या खोलीचा खरा माळा कोकणातल्या घरात असतो. मोडकी खुर्ची, जुना टीव्ही, मुलांची पुस्तकं, सगळं मे महिन्यात गावी जातं. तिथलं घर दहा महिने बंद, पाऊस धो धो, वाळवी बारमाही. वस्तू तिथे टिकत नाही, फक्त आपल्या नजरेआड कुजते, आणि गावी राहणाऱ्या काका-काकूंच्या गळ्यात पडते. पुस्तकं तर अजिबात नेऊ नयेत. जवळच्या वाचनालयाला आधी यादी दाखवावी, त्यांना हवी तेवढीच द्यावीत.

गॅलरीबद्दल मी थोडं कठोर बोलणार आहे. खोलीतलं आवरून गॅलरीत पिंप, चपलांचं कपाट आणि सायकल लावणं याला आवरणं म्हणत नाहीत. ती वाट सगळ्या मजल्याची आहे. रात्री धूर झाला किंवा कुणाला स्ट्रेचरवरून न्यायची वेळ आली, तर तीच एक वाट असते.

सध्या मोठ्या प्रमाणावर आवरणं चाललं आहे ते बीडीडी चाळींत. शंभर वर्षांपूर्वी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची. वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर तिप्पट झालं की सगळं नेता येईल असं वाटतं. तसं करू नये, पण घाईत टाकूही नये. संक्रमण शिबिर, मग नवं घर, असं दोनदा सामान हलतं आणि त्या उलथापालथीत कागद हरवतात. कागदांचं पाकीट टेम्पोत सामानाबरोबर चढवू नका. ते घरातल्या एका माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीत असावं, आणि त्या माणसाचं नाव आधी ठरलेलं असावं.

आमची ट्रंक मी टाकलेली नाही. झाकणावरचं वडिलांचं नाव अजून वाचता येतं. तुमच्या खाटेखाली अशी ट्रंक असेल आणि ती जपणारं माणूस अजून घरात असेल, तर पुढच्या रविवारी त्यांच्याशेजारी बसा, कुलूप त्यांनाच उघडू द्या, आणि प्रत्येक कागद कशाचा आहे ते विचारून वहीत लिहून घ्या.